सत्यभामाला लंबक म्हणाले त्याची गोष्ट

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंच विजयसिंह यांनी भर माईकवरून सत्यभामाला लंबक म्हटलं. सगळं गाव हसलं आणि गावाबरोबर सत्यभामाही हसली. पुढं तिला राग तर पुष्कळ गोष्टींचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो आपल्या त्या हसण्याचा.

गाव दिंद्रुडपासून सात-आठ किलोमीटर आत. गावाला लागून ओढा आणि ओढ्यापलीकडं साठ-सत्तर घरांची वस्ती. त्या वस्तीवर सत्यभामाची पिठाची गिरणी. सातवी शिकलेली, अंगानं उंच, हाडानं मजबूत बाई. वीस वर्षं गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळं तिला हळू बोलताच येत नसे. कुणाचं दुखणं विचारलं तरी भांडल्यासारखं वाटायचं. भुवयांवर कायम पिठाचा थर. कुणाच्या घरी गहू संपून ज्वारीवर आलेत, कुणाची सून माहेरी गेली ती परतली का, हे तिला दळणाच्या डब्यावरून कळायचं. आणि तिची खोड अशी, की दळण कुणाचंही असो, पाळी मोडून पुढं घ्यायचं नाही. विजयसिंहाच्या गड्याचा डबासुद्धा ती पाय लावून मागं सरकवायची.

वस्तीची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा बायाच म्हणाल्या, सत्यभामाला उभी करा. ती निवडून आली. त्या दिवसापासून तिचा नवरा तानाजी पांढरे कपडे घालू लागला. दोन एकर रान दुसऱ्याला बटाईनं कसायला दिलं आणि फाट्यावर बसायला लागला. लोक त्याला ‘या मेंबर’ म्हणायचे आणि तोही ‘आलो’ म्हणायचा. सत्यभामाला त्याचं हसू यायचं. मिरवू दे, म्हणायची, मीटिंगला मी जाते ना.

पंचायतीत सरपंच धरून नऊ मतं. चार विजयसिंहाकडं, चार बसवेश्वर आप्पांकडं. विजयसिंह म्हणजे गावचा मोठा जमीनदार, रस्त्याकडेला त्यानं रान मोडून प्लॉट पाडलेले. बसवेश्वर आप्पांचं स्टँडवर किराणा आणि खत-बियाणांचं दुकान. दोघांचं गेल्या दोन पिढ्यांपासून पटत नव्हतं. नववी सत्यभामा. पहिल्याच वर्षी उघड्या विहिरीवर जाळी बसवायचा ठराव विजयसिंहानं मांडला, हिनं हात वर केला. विहिरीत वस्तीची दोन वासरं पडली होती. दुसऱ्या वर्षी विजयसिंहाला वेशीत कमान बांधायची होती आणि आप्पांनी वस्तीपर्यंत दिवे मागितले. हिनं दिव्यांना हात वर केला. तिच्या लेखी यात अवघड काहीच नव्हतं. जे लागतं त्याला हो म्हणायचं.

आता अंगणवाडीच्या इमारतीची जागा ठरायची होती. त्यावरच ग्रामसभेत विजयसिंह बोलत होता. बोलता बोलता तो थांबला, बायकांच्या बाजूला बघून म्हणाला, “आपल्या पंचायतीत एक लंबक हाय. त्याच्यामुळं कुठलं काम कधी हुईल, ते म्या सरपंच असून सांगू शकत न्हाई.” आणि हात हवेत इकडून तिकडं हलवला.

घरी आल्यावर सत्यभामानं तानाजीला विचारलं, “लंबक मंजी काय वो?”

तानाजी मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली नाही. “उंच मानसाला म्हनत्यात. तू हायस की ताडमाड.”

तिला ते पटलं. लंबक म्हणजे लांब असणार. उलट तिला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी केसरबाई दळण घेऊन आल्या. केसरबाई साठीच्या, विजयसिंहाच्या बाजूच्या मेंबर. म्हणजे निवडून त्या आल्या होत्या, मीटिंगला त्यांचा लेक बसायचा आणि त्या भिंतीकडंच्या बाकावर. सत्यभामा ज्वारी ओतता ओतता हसत म्हणाली, “आक्का, काल सरपंचांनी माझ्या उंचीवरून चेष्टा केली की वो! लंबक म्हनले.”

केसरबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, ते थांबेचनात.

“उंचीवरून? आगं येडे! लंबक मंजी त्या भिंतीवरल्या घड्याळातलं. आमच्या चुलत्याकडं होतं. खाली पितळंची चकती लटकती बघ, हिकडं जाती, तिकडं जाती. तुजं तसं हाय म्हनला त्यो. घडीत ह्याच्याकडं, घडीत त्याच्याकडं.”

सत्यभामानं गिरणीचा खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. वस्तीवर एकाएकी इतकं शांत झालं की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

“आन तुमी सगळे त्यालाच हसला?”

“तू बी हसलीस की,” केसरबाई म्हणाल्या.

त्या वाक्यानं तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. तिनं अर्धं दळण तसंच ठेवलं, चपला घातल्या आणि ओढा ओलांडून सरळ शाळेत गेली. केसरबाईंवर तिचा भरवसा नव्हता. अर्थ लावायचा तर शिकलेल्या माणसाकडून लावून घ्यावा.

मुंजाजी सर सातवीच्या वर्गात विज्ञान शिकवत होते. दारात पिठानं पांढरी झालेली बाई बघून ते दचकले. “या मेंबरताई. काय झालं?”

“लंबक मंजी काय, ते सांगा. खरं सांगा.”

सर ग्रामसभेला होते. त्यांनी एकदा मुलांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून दोरा काढला, खिडकीतला एक खडा त्याला बांधला आणि खिडकीच्या गजाला टांगला. खडा एका बाजूला ओढून सोडला. खडा हलायला लागला.

“हा लंबक. आता पुस्तकात याला दोलक म्हणतात. आपल्याकडं जुनी माणसं घड्याळातल्याला लंबकच म्हणतात. कुणी लोलकही म्हणतं, पण विज्ञानाच्या पुस्तकात लोलक म्हणजे वेगळंच, काचेचा त्रिकोणी तुकडा. त्यातून उजेडाचे सात रंग पडतात.”

“मला रंग नगंत सर. ही शिवी हाय का, एवढं सांगा.”

“शिवी नाही. चांगला शब्द आहे. पेपरात सुद्धा येतो, सत्तेचा लंबक इकडं झुकला, तिकडं झुकला, असं लिहितात.”

“पर मला म्हनले ते शिवीसारकंच ना?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “हो ताई. म्हणताना तसंच म्हणाले.”

सत्यभामा खड्याकडं बघत राहिली. वर्गातली मुलंही बघत होती. खड्याचा झोका लहान लहान होत चालला होता.

“हे सवताहून हालतंय का?”

“नाही. एकदा कुणीतरी ओढून सोडावं लागतं.”

“मंग मला कुनी वढलं?” ती म्हणाली. “म्या तर दोन टायमाला माझ्या मनानं हात वर केला. कुनी सांगितलं म्हनून न्हाई. मला कुनी वढलं ते सांगा!”

सरांनी खडा हातानं थांबवला. ज्यानं लंबक म्हटलं त्याच्याकडंच ती निघाली.

विजयसिंहाचं प्लॉटिंगचं ऑफिस रस्त्यावरच होतं. पत्र्याची खोली, कूलर, खुर्च्या. चार माणसं बसलेली. सत्यभामा खुर्चीवर बसली नाही.

“दादा, तुमी मला लंबक कावून म्हनलात?”

विजयसिंह हसला. “वहिनी, चेष्टा होती ती.”

“मला चेष्टा समजावून सांगा. जाळीला म्या तुमच्याकडनं हात केला, दिव्याला आप्पाकडनं. दोन्ही कामं झाली का न्हाई? वापरता का न्हाई? मंग लंबक कावून?”

“जाळीचं आन दिव्याचं कोन बोलतंय?” विजयसिंहाचं हसू कमी झालं. “अंगणवाडीचं बोलतोय. तुमचा मालक सोमवारी माझ्या जीपमदी बसून शब्द देतो, गुरुवारी आप्पाच्या दुकानात जाऊन शब्द देतो. सही इथं बी देतो, तिथं बी देतो. मंग काय म्हनावं मानसानं?”

“कसली सही?”

बाकीची माणसं बाहेर रस्त्याकडं बघायला लागली. विजयसिंहानं टेबलावरच्या फायलीतून एक कागद काढला. प्लॉटिंगशेजारच्या पंचायतीच्या जागेवर अंगणवाडी बांधायला आम्ही खालील सदस्य संमती देत आहोत. खाली पाच सह्या. पाचवी, सौ. सत्यभामा तानाजी.

सत्यभामा सही करायची ती एकेक अक्षर सुटं काढून आणि शेवटी सगळ्यांवर मिळून एक रेघ ओढून. रेघ दर वेळी पुढं उताराला लागायची. ही सही एका झटक्यात केलेली, वळणदार, खाली दोन टिंबं. पुरुषाची सही.

“ही माझी न्हाई.”

“म्हाईत हाय,” विजयसिंह म्हणाला. अगदी सहज म्हणाला. “घरच्याच मानसानं केलीय ना. सगळ्याच बायांच्या तशाच असत्यात. केसरबाईची तिच्या लेकानं केली. तुमी आप्पाकडं जा, दुसरा कागद त्याच्याकडं हाय.”

ती तशीच स्टँडवर गेली. बसवेश्वर आप्पा शांत माणूस. कपाळाला विभूती, बोलणं मऊ. त्यांनी तिला पाणी दिलं, गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि मग गल्ल्यामागच्या कपाटातून कागद काढला. दुकानामागच्या पंचायतीच्या जागेला संमती. पाच सह्या. तीच वळणदार सही, तीच दोन टिंबं.

“ताई, मी गावात बोललो न्हाई याबद्दल. तुमच्या घराची अब्रू म्हनून.”

“माझी अब्रू?” सत्यभामाचा आवाज स्टँडच्या पलीकडं गेला. “आप्पा, ही माझी सही न्हाई, हे तुमाला म्हाईत होतं का न्हवतं?”

“तानाजीराव घरचेच हायत, मला वाटलं विचारून…”

“गिरणी तुमच्या दुकानापासनं किती लांब हाय? एकदा यिऊन इचारायला पाय मोडले होते? माझ्यावर हसायच्या टायमाला तेवडे समदे एक झालात. त्यो सरपंच बी, तुमी बी.”

आप्पांनी मान खाली घातली. त्यांनी मान खाली घातली याचाही तिला राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

चालत घरी येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हिला माहीत नव्हतं, बाकी सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षं ती मीटिंगला जात होती, ठराव ऐकत होती, मोठ्यानं प्रश्न विचारत होती, आणि गाव आतल्या आत हसत होतं. हिला वाटत होतं आपण मेंबर आहोत. मेंबर फाट्यावर बसलेला होता.

तानाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. विजयसिंहाचा फोन तिच्या आधी पोचला होता. तिनं तोंड उघडायच्या आतच तो सुरू झाला.

“गावभर कशाला फिरलीस? मला इचारायचं की.”

“इचारलं तर. ताडमाड म्हनालात.”

“हे बघ, राजकारन तुला कळत न्हाई. दोनीकडं धरून ऱ्हावं लागतं. सरपंच ट्रॅक्टर देतो म्हनलाय नांगरटीला. आप्पा बियाणाची एजन्सी देतो म्हनलाय. कागदावर सही केली मंजी काय मत पडलं का? टायमावर बगू म्हनलं कुनीकडं जायचं ते.”

“माझ्या नावानं?”

“नाव काय, घराचंच हाय.”

“घराचं न्हाई. माझं हाय.” आणि मग वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. “हिकडं जानारा तू, तिकडं जानारा तू, आन गावानं मला नाव ठिवलं. तू केलंस आन मी हसत बसले. तानाजी, तू मला चारचौघांत हसायला लावलंस!”

ती त्याला नाव घेऊन, अरे-तुरे करून बोलली. शेजारच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज थांबला. तानाजी उठला, त्याचा हात वर गेला. सत्यभामा मागं सरली नाही. वीस वर्षं पायल्या उचललेल्या त्या दोन हातांकडं त्यानं बघितलं आणि स्वतःचा हात खाली घेतला.

“मेंबर मी केलं तुला,” तो म्हणाला.

“वस्तीनं केलं. तू फक्त कपडे शिवलेस.”

त्या रागात तिनं स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रामसेवकांकडं गेली. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. तिनं त्यांना अर्ज लिहायला लावला, की मी समोर बसून केल्याशिवाय माझ्या नावाची कुठलीही सही धरू नये. भाऊसाहेब दहा मिनिटं टाळाटाळ करत होते. ती उठेना. शेवटी त्यांनी लिहिलं. तिनं एकेक अक्षर काढून सही केली, रेघ ओढली, आणि अर्ज मिळाल्याचा शिक्का मारून घेतला.

मीटिंग महिनाअखेरीला झाली. नेहमीसारखंच, टेबलाभोवती पुरुष मेंबर आणि बाया मेंबरांचे नवरे, लेक, दीर. बाया भिंतीकडंच्या बाकावर. तानाजीही आला होता. त्या भांडणापासून घरात कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं.

सत्यभामा बाकावर बसली नाही. ती टेबलापाशी उभी राहिली आणि गिरणीच्या आवाजात म्हणाली, “मेंबर सोडून कुनी बसायचं न्हाई. उठा.”

एक-दोघं हसले. विजयसिंह म्हणाला, “वहिनी, घरचीच मानसं हायत.”

“भाऊसाहेब, नेम सांगा.”

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. सरपंचाकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. “नियम तसाच आहे,” ते हळूच म्हणाले.

“मोठ्यानं सांगा.”

“नियमानं सदस्यांशिवाय कुणाला बसता येत नाही.”

तानाजी उठून तिच्याजवळ आला. दात आवळून म्हणाला, “चल घरी. लई झालं.”

“मी मीटिंगला आलीय,” सत्यभामा म्हणाली. “तू जा.”

साऱ्या गावासमोर तू. तानाजी उंबऱ्यापर्यंत गेला, तिथं थांबला, कुणी परत बोलावतंय का बघितलं. कुणी बोलावलं नाही. त्याच्यामागं एक दीर गेला, एक नवरा गेला. केसरबाईंचा लेक बसून राहिला. केसरबाई बाकावरून म्हणाल्या, “ऊठ बाळा. माजी जागा हाय ती.” आणि त्या जाऊन खुर्चीवर बसल्या.

जागेचा विषय निघाला. विजयसिंहाची एक जागा, आप्पांची एक. सत्यभामा म्हणाली, तिसरी लिहा. वस्तीवरचं पंचायतीचं मोकळं रान. अंगणवाडीत जाणारी निम्म्याहून जास्त लेकरं वस्तीवरची, आणि ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसं कशीबशी ओलांडतात, पण लेकरं तीन-तीन महिने घरीच बसतात.

“तुमच्या गिरणीजवळ पायजे, असं म्हना की,” विजयसिंह म्हणाला.

“हाय गिरणीजवळ. गिरणी वस्तीवर हाय म्हनून. लेकरं बी वस्तीवर हायत. तुमच्या प्लॉटवर एक तरी लेकरू ऱ्हातंय का? दगडं हायत नुसती, नंबर टाकलेली.”

अनुमोदन कोण देणार, भाऊसाहेबांनी विचारलं. केसरबाईंनी टेबलावर हात ठेवला. “माजं लिवा. आन सही मला करू द्या.”

मतं पडली. विजयसिंहाच्या जागेला तीन, आप्पांच्या जागेला चार, वस्तीला दोन. कुणाचीच पाच भरेनात. केसरबाई फुटल्यामुळं विजयसिंहाचा चेहरा लाल झाला होता. भाऊसाहेब म्हणाले, परत घेऊ. तेव्हा बसवेश्वर आप्पांनी शेजारच्या मेंबराच्या कानाला लागून काहीतरी मोजलं. आपली जागा होत नाही, हे त्यांना दिसलं. विजयसिंहाची होऊ द्यायची नाही, हे तर आधीपासूनच ठरलेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी आणि त्यांच्या तिघांनी वस्तीला हात वर केला. सहा.

बाहेर आल्यावर आप्पा हात जोडून म्हणाले, “ताई, शेवटी आमी तुमच्याच बाजूनं आलो.”

“माझ्या बाजूनं न्हाई आलात,” सत्यभामा म्हणाली. “त्यांच्या उलट्या बाजूनं आलात. मला आता फरक कळतोय.”

तानाजी त्या संध्याकाळी युसूफ वडगावला बहिणीकडं निघून गेला. पंधरा दिवसांनी परत आला. आता तो फाट्यावर कमी बसतो. लोक मेंबर म्हणायचे थांबलेत, त्यामुळं तिथं बसण्यात राम राहिला नाही. रान त्यानं बटाईतून परत घेतलंय. सत्यभामा त्याला परत ‘तुमी’ म्हणते, पण ते ‘तुमी’ पूर्वीसारखं नाही, आणि ते दोघांनाही माहीत आहे. खोट्या सह्यांबद्दल तिनं पुढं तक्रार केली नाही. केस केली तर तानाजीच आत जाईल, आणि ज्यांनी सगळं माहीत असून कागद फायलीत ठेवले ते दोघं मोकळे राहतील, हे तिला भाऊसाहेबांनी सांगितलं. ते ऐकून ती दोन दिवस जेवली नाही.

गाव अजून तिला लंबकच म्हणतं, पोरंसोरं सुद्धा. विजयसिंहानं तो शब्द मागं घेतला नाही, आणि तीही मागायला गेली नाही.

मागच्या आठवड्यात वस्तीवर पायाचे चर खणायला सुरुवात झाली. केसरबाई दळणाला आल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला, चराकडं बघितलं आणि विचारलं, “झालं की गं सगळं तुज्या मनासारकं. आता तरी राग गेला का न्हाई?”

“न्हाई,” सत्यभामा म्हणाली. “आन कावून जावा? अजून दोन वर्सं हायत माझी.” तिनं खटका वर ढकलला, आणि पुढं केसरबाई काय म्हणाल्या ते गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही.